संजीवनीचा वर्ग

अंबरनाथ एमआयडीसीच्या आसपासच्या शाळेत पालकसभा असली की एक प्रश्न हमखास निघतो. विचारणारे वडील नाइट शिफ्ट करून तसेच आलेले असतात, नाहीतर आईला सेकंड शिफ्ट गाठायची घाई असते. “मॅडम, हा पोरगा मोबाइलवर गेम खेळायला बसला की तीन-तीन तास जागचा हलत नाही. हरला तरी परत सुरू करतो. मग गणिताच्या तासाला दहा मिनिटांत याला तहान कशी लागते?”

प्रश्न रास्त आहे. मोबाइलच्या नावाने बोटं मोडून त्याचं उत्तर मिळत नाही. मोबाइल काढून घेतला तर हाच पोरगा मोकळ्या प्लॉटवर अंधार पडेपर्यंत कबड्डी खेळतो, गुडघे फोडून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे हजर असतो. म्हणजे चिकाटी त्याच्या अंगात भरपूर आहे. वडिलांच्या बोलण्यातच उत्तराचं टोक सापडतं: ‘हरला तरी परत सुरू करतो.’ वर्गात हरल्यावर परत सुरू करण्याची सोय किती असते, आणि ती कशी करता येईल, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे.

१. वर्गात खेळणं वेगळं, खेळाची रचना वर्गात आणणं वेगळं

शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना अंताक्षरी खेळू दिली, हा झाला खेळ. तो चांगलाच, पण आपला विषय तो नाही. खेळ ज्या कलपुर्ज्यांनी चालतो ते सुटे करायचे आणि शिकण्याच्या कामाला जोडायचे, याला आज ‘गेमिफिकेशन’ म्हणतात. हा शब्द २००२च्या सुमारास निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रामरने घडवला. २०११मध्ये सेबास्टियन डिटरडिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची सुटसुटीत व्याख्या केली: जिथे मुळात खेळ नाही, तिथे खेळाच्या रचनेतले घटक वापरणं.

हे घटक आपल्या ओळखीचेच आहेत. गुण. पातळ्या, म्हणजे एक जमली की पुढची. बिल्ले आणि पदकं. क्रमवारीचा फलक. किती दिवस सलग खेळलात याची मोजणी, जिला मुलं ‘स्ट्रीक’ म्हणतात. चाल केल्याबरोबर बरोबर की चूक ते कळणं. आणि बाद झाल्यावर मिळणारी पुढची संधी.

नाव नवं असलं तरी वस्तू जुनी आहे. स्काउटच्या बाहीवरचे बिल्ले, एनसीसीची ‘ए’, ‘बी’, ‘सी’ प्रमाणपत्रं, कराटेचे रंगीत पट्टे या सगळ्या पातळ्याच. ठाणे जिल्ह्यातली कितीतरी मुलं सहावीत आणि नववीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसतात. आधी लेखी, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत अशी ती चढण असते.

मोबाइलच्या गेममध्ये हे सगळे घटक एकत्र असतात. शाळेने त्यांतले गुण आणि क्रमवारी हे दोनच उचलले, आणि शंभर वर्षं तेवढ्यावर भागवलं. माझ्या मते हे दोन सगळ्यांत कमी कामाचे आहेत. खेळाला जिवंत ठेवणारा घटक शेवटचा, बाद झाल्यावर मिळणारी संधी. त्याच्याकडे वळण्याआधी एका जुन्या पटाकडे पाहू.

२. मोक्षपट आणि फाशाचं दान

सापशिडी आपल्याकडून इंग्लंडला गेली आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांचा खेळ म्हणून विकली जाऊ लागली. आपल्याकडे ती शिकवण्यासाठीच होती. मोक्षपटाच्या घरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं असत; सद्गुणाच्या शिडीने वर जायचं, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचं, शेवटच्या घरात मोक्ष. परंपरा या पटाचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते.

पण यात सोंगटी कुठे जाईल ते कवड्यांचं किंवा फाशाचं दान ठरवतं. खेळणाऱ्याने डोकं चालवलं काय, न चालवलं काय, दान बदलत नाही. प्रारब्ध समजावायला ही रचना चोख आहे. अपूर्णांक शिकवायला मात्र ती फसते, कारण मुलाची मेहनत आणि पटावरची जागा यांचा संबंध तुटलेला असतो. ‘शैक्षणिक सापशिडी’ म्हणून बाजारात मिळणारे बहुतेक तक्ते याच कारणाने दोन दिवसांत कपाटावर जातात. खेळ शिकण्याच्या कामाचा आहे की नाही हे पारखायची पहिली कसोटी सोपी आहे: विषय जास्त समजला, तर खेळात पुढे जाता येतं का?

३. कबड्डीचे तीन कायदे

आता मोकळ्या प्लॉटवर या. आज स्पर्धांमध्ये खेळली जाणारी कबड्डी महाराष्ट्राच्या मातीत घडली. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने जगापुढे तिचं प्रात्यक्षिक केलं. पण पूर्वी कबड्डीचे तीन वेगवेगळे प्रकार होते, आणि तिघांत फरक होता तो एकाच मुद्द्यावर: बाद झालेल्या गड्याचं काय करायचं?

गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेर बसायचा, आणि त्याचा सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहायचा. अमर प्रकारात कुणी बाहेर जायचंच नाही. गडी बाद झाला की समोरच्यांना गुण, खेळ तसाच पुढे. संजीवनी प्रकारात बाद झालेला बाहेर जायचा, पण त्याच्या संघाने समोरचा गडी टिपला की तो जिवंत होऊन परत आत यायचा.

आजच्या नियमांत टिकली ती संजीवनी. का टिकली असेल, हे खेळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गामिनीत पहिल्या मिनिटाला बाद झालेला पोरगा उरलेला डाव बघ्या होतो. अमरमध्ये बाद होण्याची धास्ती उरत नाही, आणि धास्ती नसली की रंगतही नाही. संजीवनीत बाद होणं झोंबतं, पण तिथे काही संपत नाही. शिवाय आपण परत आत येणार ते सोबत्याच्या पकडीमुळे किंवा चढाईमुळे, म्हणून बाहेर बसलेलाही डोळ्यांत तेल घालून खेळ बघत असतो.

याच नियमावलीत आणखी एक शहाणपण आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एक गुण जास्त मिळतो. वर्तमानपत्रं हिला ‘अव्वल पकड’ म्हणतात. मागे पडलेल्या संघाला सामन्यात परत आणणारी ही सोय आहे. तिच्यात दया-माया नाही. पकड खरोखरच करावी लागते, आणि तीन जणांनी ती करणं सातांपेक्षा अवघडच असतं.

आपले बहुतेक वर्ग गामिनीने चालतात. तिसरीत भागाकार हुकला की पोरगा बाद. चौथीत अपूर्णांक येतो तो भागाकारावर उभा, म्हणून तिथेही बाद. पाचवीत दशांश अपूर्णांक. तो बाकावर बसलेला असतो, हजेरीत असतो, पण डावात नसतो. अशा मुलाला आपण ‘याचं लक्ष नसतं’ म्हणतो. लक्ष कुठे द्यायचं? तो खेळत असलेला डाव दोन वर्षांपूर्वीच मोडलाय. गामिनीचं उलटं टोक म्हणजे सगळ्यांना सारखंच ‘छान छान’ म्हणणं. हा अमरचा वर्ग झाला, आणि त्यात हुशार मुलंसुद्धा सैलावतात.

४. सरासरी काय करते

संजीवनी वर्गात आणायची तर पहिला बदल गुणांच्या हिशोबात करावा लागतो. एक उदाहरण घेऊ.

एका मुलीने शेकडेवारीच्या २० गुणांच्या तीन चाचण्या दिल्या. पहिलीत ८, मग सराव करून ११, मग १५. आपल्या नेहमीच्या पद्धतीने बेरीज ३४, सरासरी साधारण ११.३. आता वर्गातला दुसरा मुलगा घ्या. त्याला तिन्ही वेळा १२ मिळाले. सरासरी १२. प्रगतिपुस्तक सांगतं की मुलगा पुढे आहे. पण आज, या क्षणी, शेकडेवारी जास्त कुणाला येते? मुलीला. सरासरीने तिची पहिली चूक माफ केलेली नाही, आणि कितीही शिकली तरी करणार नाही.

खेळात असं होत नाही. उंच उडीत प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न मिळतात आणि धरली जाते ती सगळ्यांत उंच उडी. गेममध्ये एखादी पातळी चौदाव्या खेपेला पार केली, तरी पातळी पार झाली म्हणजे झाली. ‘सर्वोत्तम प्रयत्न धरायचा’ एवढा एक नियम केला, तर मुलीच्या नावापुढे १५ लागतात आणि चौथ्या चाचणीला बसायचं कारण तिला मिळतं.

अमेरिकेत ली शेल्डन या प्राध्यापकाने आणखी एक पाऊल टाकलं. गेम लिहिणारा हा माणूस शिकवायला लागला तेव्हा त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं की इथे प्रत्येक जण शून्यापासून सुरू करतो आणि केलेल्या प्रत्येक कामाचे अनुभवगुण साठवत वर चढतो. आपल्याकडे मनातून सगळे शंभरापासून सुरू होतात आणि चुकेल तसे खाली उतरतात. दोन्हींत शेवटचा आकडा एकच येऊ शकतो. पण एकात रोज काही मिळतं आणि दुसऱ्यात रोज काही जातं. मुलाला यातला फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

हे आपल्या नियमांत बसतं का, असं शिक्षक विचारतील. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आणि त्यातलं आकारिक मूल्यमापन नेमकं याचसाठी आहे: शिकत असताना मोजणं. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, छोट्या चाचण्या अशी बरीच साधनं त्यात शिक्षकाच्या हातात दिलेली आहेत. संकलित चाचणीच्या गुणांना हात न लावता आकारिकमध्ये ‘पुन्हा प्रयत्न’ बसवता येतो.

५. आयटीआयमधला जॉब

अंबरनाथच्या आयटीआयच्या मुलांनी हे सगळं वाचलं तर म्हणतील, यात नवल काय, आम्ही असंच शिकतो. खरंच आहे. फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा. सुरुवातीच्या दिवसांत मुलाच्या हातात माइल्ड स्टीलचा तुकडा आणि फ्लॅट फाइल देतात. तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा आणि घासत बसायचं, सपाट आणि काटकोनात येईपर्यंत. या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात.

जॉब सपाट झाला की नाही हे कळायला सरांची वाट बघावी लागत नाही. ट्रायस्क्वेअर लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. पट्टी आणि धातू यांच्या फटीतून उजेड दिसला तर तिथे खोलगट आहे. आणखी बारकाईने पाहायचं तर सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ हात द्यायचा आणि जॉब त्यावर फिरवायचा. जिथे उंचवटा आहे तिथेच निळं लागतं. तेवढंच घासायचं, पुसायचं, पुन्हा फिरवायचं. निळे ठिपके सगळीकडे सारखे पसरले की जॉब सपाट.

ही जगातली उत्तम प्रतिसादाची पद्धत आहे, आणि ती एमआयडीसीच्या दाराशी रोज चालू असते. तिच्यात तीन गुण आहेत. उत्तर लगेच मिळतं. चूक नेमकी कुठे आहे ते दिसतं, नुसतं ‘चूक’ असा शेरा मिळत नाही. आणि निळा रंग कुणाला ‘गाढव’ म्हणत नाही. याच्या शेजारी निबंधाची वही ठेवून बघा. पंधरा दिवसांनी परत येते, तिच्यावर दहापैकी पाच लिहिलेलं असतं, आणि कुठे घासायचं ते कळत नाही.

पातळ्यासुद्धा इथे सचोटीने लावलेल्या असतात. सुरुवातीला अर्ध्या मिलिमीटरची चूक चालते. पुढे एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची वेळ येते तेव्हा हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जातो. पहिल्याच दिवशी तेवढी अचूकता मागितली असती तर निम्मी पोरं पळून गेली असती; दोन वर्षं अर्धा मिलिमीटर चालवून घेतला असता तर उरलेली कंटाळली असती. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर हेच अभ्यासलं. काम कौशल्यापेक्षा फार अवघड असलं की माणूस धास्तावतो, फार सोपं असलं की कंटाळतो, आणि जेमतेम पुढे असलं की त्यात बुडून जातो.

६. फाटकावरचा फलक

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतून चालत गेलात तर कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षेचे फलक दिसतील. त्यावर रकाने असतात: शेवटचा अपघात कधी झाला, तेव्हापासून किती दिवस विनाअपघात गेले, आजवरचा सर्वाधिक आकडा किती. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६मध्ये त्याच तारखेला स्थापन झाली म्हणून. त्या आठवड्यात हे फलक नव्याने रंगवले जातात. हा फलक म्हणजे स्ट्रीकच. मोबाइलवर भाषा शिकवणारं अ‍ॅप ‘सलग इतके दिवस’ म्हणून सांगतं, अगदी तेच.

आकडा वाढत गेला की त्याची शान वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच फलक लावलेला असतो. पण सुरक्षेचं काम करणाऱ्या लोकांना या मोजणीची एक खोड जगभर माहीत आहे. फलकावर ३९८ दिवस झालेत आणि कुणाच्या बोटाला कापलं. ही नोंद केली तर आकडा शून्यावर, सगळ्या खात्याचा हिरमोड, ४०० दिवसांचा मिठाईचा पुडा गेला. मग फडकं बांधायचं आणि गप्प बसायचं. मोजायचे होते अपघात, आणि मोजले गेले ते कळवलेले अपघात. लहान जखमा लपल्या की मोठ्या अपघाताची चाहूलही लपते.

यावर चांगल्या कारखान्यांनी काढलेली तोड शाळांनी जशीच्या तशी उचलावी अशी आहे. तिथे ‘निअर मिस’ची नोंद मागतात: पाय घसरला पण पडला नाही, वरून पाना निसटला पण कुणाला लागला नाही, व्हॉल्व्ह उलटा फिरवला पण वेळीच लक्षात आलं. अशी नोंद जो देतो त्याचं कौतुक होतं. फलकावर नोंदी जितक्या जास्त, तितकं ते खातं जागरूक.

वर्गात याचा अर्थ काय? ‘सलग तीस दिवस गृहपाठ पूर्ण’ याचा तारा लावला, की एकोणतिसाव्या रात्री वही उतरवून काढली जाते. आजारी पडलेल्या मुलाचा आकडा शून्यावर येतो तो वेगळाच. त्याऐवजी वर्गाच्या भिंतीवर ‘सापडलेल्या चुका’ असा कागद लावा. ज्याला स्वतःच्या उत्तरातली चूक सापडली, त्याने ती लिहायची: काय केलं, कुठे फसलं, कसं कळलं. ‘ऋण तीन वजा ऋण पाच करताना मी दोन्ही चिन्हं तशीच ठेवली.’ या नोंदीला गुण. मी हे आग्रहाने सांगतो, कारण चूक लपवण्यात पोरांची जेवढी बुद्धी खर्च होते तेवढी ती शोधण्यात लागली, तर निम्मं शिकवणं आपोआप होतं.

७. बक्षिसाने काय बिघडतं

आता तारे, बिल्ले, चॉकलेटं. १९७३मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा टेबलावर ठेवली. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीचं काम आता मोबदल्याचं झालं होतं, आणि मोबदला दिसत नव्हता. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली होती.

म्हणजे बक्षीस कधीच देऊ नये असं नाही. ज्या कामात मुलाला मुळात रसच नाही, तिथे सुरुवातीचा धक्का म्हणून ते चालतं. जिथे रस आहे तिथे ‘हे केलंस तर ते देईन’ हा सौदा महाग पडतो.

मोठ्या विद्यार्थ्यांचं काय होतं? मायकेल हॅनस आणि जेसी फॉक्स यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका महाविद्यालयीन विषयाच्या दोन वर्गांची तुलना आहे. एका वर्गात सत्रभर बिल्ले आणि क्रमवारीचा फलक, दुसऱ्यात नेहमीसारखं शिकवणं. सत्राअखेर बिल्ल्यांच्या वर्गात ओढ कमी झालेली दिसली आणि तिच्यापाठोपाठ अंतिम परीक्षेतले गुणही कमी. खेळाचं नुसतं कवच आणलं आणि गर बाहेर राहिला, तर असं होतं.

तो गर कोणता, याचं एक चांगलं उत्तर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी दिलं आहे. माणूस मनापासून काम करतो ते तीन गोष्टी मिळाल्या तर: काही ठरवायचा अधिकार आपल्याकडे आहे, आपल्याला हे जमत चाललंय, आणि आपण कुणाचे तरी आहोत. कबड्डीत तिन्ही मिळतात. चढाईला कुठून जायचं ते मी ठरवतो, काल निसटलेली पकड आज बसते, आणि मी बाद झालो तर माझे सोबती मला आत आणतात. क्रमवारीच्या फलकावर चाळिसावं नाव असलेल्या मुलाला यांतलं एकही मिळत नाही.

८. खडू, कार्डं आणि चाळीस मुलं

यासाठी टॅबलेट लागत नाहीत. घरात एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांबरोबर शिफ्टला जातो, अशी घरं इथे खूप आहेत. नॉर्वेत घडलेलं आणि २०१३मध्ये बाजारात आलेलं ‘काहूत’सारखं प्रश्नमंजूषेचं अ‍ॅप मुलांना आवडतं, पण ते हाताच्या चपळाईलाही गुण देतं, विचार करून उत्तर देणारी मुलगी तिथे मागे पडते. साधनांवाचून शिकवण्याची परंपरा तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला खडे, शिंपले, पानं, बिया हेच शिक्षणसाहित्य मानलं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. अलीकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी वर्गाच्या फरशीवरच अंकांचे नि अक्षरांचे खेळ रंगवले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले.

तर सहावीचा वर्ग, विषय शेकडेवारी. पाच-पाच जणांचे आठ गट, प्रत्येक गटात सगळ्या तऱ्हेची मुलं. उल्हासनगरच्या कॅम्पातली सिंधी मुलगी, बदलापूरहून येणारा आगरी मुलगा, घरी भोजपुरी बोलणारा, तिघं एका गटात आली तर उत्तम. खेळाचे नियम समजायला भाषा फार लागत नाही. प्रत्येकाला एक ते पाच क्रमांक.

प्रश्नांच्या तीन पातळ्या. पहिली: ५०० चे १० टक्के किती? दुसरी: ८०० रुपयांच्या जीन्सवर १५ टक्के सूट, द्यायचे किती? (सूट १२०, द्यायचे ६८०.) तिसरी: कारखान्यात २४० कामगार, त्यातले ६० टक्के फर्स्ट शिफ्टला, त्यांत २५ टक्के महिला; फर्स्ट शिफ्टला महिला किती? (२४० चे ६० टक्के १४४, त्याचे २५ टक्के ३६.)

शिक्षक प्रश्न वाचतात, दोन मिनिटं देतात आणि मग क्रमांक पुकारतात. प्रत्येक गटातला त्या क्रमांकाचा खेळाडू पाटीवर उत्तर दाखवतो. क्रमांक शेवटी पुकारायचा, म्हणजे गटाला पाचही जणांना तयार करावं लागतं. बरोबर आलं तर एक गुण. चुकलं तर गुण कापायचा नाही, पण तो खेळाडू बाद. पुढे बाद खेळाडूचाच क्रमांक आला, तर आत असलेल्यांपैकी कुणीही उत्तर द्यावं.

मैदानावरचा बाद गडी नुसता बसतो. वर्गात तसं चालणार नाही. बाद झालेल्याने खिडकीजवळच्या बाकावर जायचं. तिथे कार्डं ठेवलेली असतात. कार्डाच्या एका बाजूला तशाच प्रश्नाचं पायरी-पायरीने सोडवलेलं उदाहरण, दुसऱ्या बाजूला सोडवायला एक नवं. ते सोडवून दाखवलं आणि मधल्या काळात गटाने एक बरोबर उत्तर दिलं, की तो जिवंत. खरं शिकणं या बाकावर होतं, म्हणून शिक्षकाने फळ्यापेक्षा या बाकाजवळ जास्त थांबावं.

गटात दोन किंवा कमी खेळाडू आत असताना बरोबर उत्तर आलं तर दोन गुण. सहा प्रश्नांचा हिशोब करून पाहू. पहिल्या गटाची पाच उत्तरं बरोबर, एक चूक: ५ गुण. दुसऱ्या गटाची पहिली तिन्ही चुकली: शून्य गुण, तीन बाद, दोघं आत. चौथं बरोबर: २ गुण, एक जण परत. पाचवं आणि सहावं बरोबर: एकेक गुण, आणखी दोघं परत. एकूण ४, आणि पाचही जण आत. साध्या मोजणीत हा निकाल ३ विरुद्ध ५ लागला असता, आणि ते तिघं शेवटपर्यंत बाहेर राहिले असते.

जिंकलं कोण? ४ गुणांपर्यंत पोचलेले सगळे गट. ही कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. १९६९मध्ये हॅरिएट बॅरिश, म्युरिएल साँडर्स आणि माँट्रोज वुल्फ यांनी चौथीच्या एका गोंगाटी वर्गाचे दोन संघ करून शिस्तीचा खेळ लावला. गोंधळ केला की संघाच्या नावावर खूण. ठरावीक खुणांच्या आत राहिला तो संघ जिंकला, आणि दोन्ही संघ राहिले तर दोन्ही जिंकले. गोंधळ झपाट्याने उतरला. पुढे बाल्टिमोरच्या पहिलीच्या वर्गांत हाच खेळ वापरला, तेव्हा त्या मुलांचा विशीपर्यंत मागोवा घेतला गेला आणि विशेषतः जास्त दांडगट मुलग्यांमध्ये व्यसनांचं प्रमाण कमी आढळलं. एकाला जिंकायला दुसऱ्याला हरवावं लागू नये, ही त्यातली मुख्य अट होती.

एका तासाला सहा प्रश्न पुरे. दहा करायला गेलात तर बाकावरची कार्डं घाईत उरकली जातात. गट महिन्याने बदलावेत; एकाच मुलाला ‘याच्यामुळे आपण बाद होतो’ असं ऐकावं लागत असेल तर त्याच दिवशी बदलावेत.

९. गुण कधी काढून घ्यायचे

दोन-तीन आठवड्यांत पहिल्या पातळीचे प्रश्न बहुतेकांना तोंडी येऊ लागतात. तेव्हा त्या पातळीचे गुण बंद करावेत. मुलं तक्रार करत नाहीत, त्यांना ती पातळी आता बाळबोध वाटत असते. मग प्रश्न काढायचं काम गटांकडे द्यावं. अट एकच, काढणाऱ्याला स्वतःला सोडवता आला पाहिजे आणि आकडे आपल्या आजूबाजूचे हवेत: लोकलच्या पासाची वाढ, बारवी धरणात किती टक्के पाणी आहे याची पावसाळ्यातली बातमी, घरी शिवायला आणलेल्या जीन्समधले नापास नग. इथे ठरवायचा अधिकार मुलांकडे जातो आणि प्रश्न एकदम अवघड होऊ लागतात, कारण दुसऱ्या गटाला अडवायचं असतं.

त्यानंतर एखादा आठवडा गुणांचा रकाना फळ्यावर न काढता खेळ घ्यावा. खिडकीजवळच्या बाकावर मुलं तरीही कार्ड मागत राहिली तर पुढच्या धड्यासाठी नवी कार्डं लिहायला बसावं. मागेनाशी झाली तर आधी जुनी कार्डं तपासावीत. बहुतेकदा ती फार सोपी झालेली असतात, किंवा त्यावरच्या पायऱ्या इतक्या भराभर टाकलेल्या असतात की बाद झालेल्या मुलाला त्यांचा काही उपयोग होत नाही.